आकृती नाही, अर्धा गुण

पवनानगर
सोमवार, २ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

आमच्या इथला दूधवाला कैलास तळेगावात ज्यांच्याकडे रोज अर्धा लिटर दूध घालतो ते आमचेच दामले सर, हे मागच्या महिन्यात कळलं. तेव्हापासून त्याच्याच हाती पाठवलेलं हे माझं तिसरं पत्र. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे बारावीनंतर सव्वीस वर्षांनी माझ्या हातात पुन्हा पेन आलं. अक्षर बिघडलंय, तेवढं चालवून घ्या.

भात झोडून झालं. इंद्रायणी यंदा बरा उतरला. माझे सासरे दत्तोबा, म्हणजे आमचे आबा, रोज पोती मोजतात आणि रोज आकडा वेगळा येतो. परत मोजा म्हटलं की रागावतात.

आता कामाचं. घरी एक तारेचा दोर आणलाय. पंधराशे किलोला तुटेल, त्याच्या आत नाही, असं त्याच्या पट्टीवर लिहिलंय. त्याला फार तर नव्वद किलोचं ओझं लटकवायचं आहे. चालेल ना? वेगळ्या कागदावर सहीनिशी दोन ओळी लिहून दिल्यात तर घरच्यांना दाखवता येतील. माझ्या एकटीच्या शब्दाला इथे कोण विचारतंय.

आकृती काढलेली नाही. त्याबद्दल नेहमीसारखा अर्धा गुण कापू नका.

तुमची विद्यार्थिनी,
सविता


तळेगाव दाभाडे
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

चि. सविता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न सातवीतल्या मुलानेही सोडवला असता. पंधराशेला नव्वदने भागलं की साडेसोळाच्या वर उत्तर येतं. दोर हवा त्याच्या सोळा पट भक्कम आहे. माळ्यावर भाताची पोती चढवायची असणार, असं मी समजतो. खुशाल चढवा. कप्पीला तेल घाला आणि खाली कुणी उभं राहू नका, एवढंच सांगणं.

तू मागितलेला कागद सोबत आहे. त्यावर पदव्या लिहायची गरज नव्हती. पण सही करताना हात आपोआप पुढे जातो, ही मास्तरकीची खोड.

आकृती न काढल्याचं या खेपेला माफ. एकोणऐंशी वर्षं पूर्ण होत आली, आता लाल पेन खाली ठेवायला हरकत नाही. आबांना सांग की पोती मोजताना प्रत्येक पोत्यावर कोळशाने खूण करावी.

गो. ह. दामले


पवनानगर
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

तुमच्या कागदाने इथे फारच मोठं काम केलं. आता झालंच आहे, तर खरं काय ते सांगून टाकते. रागावू नका.

पोती वगैरे काही चढवायची नव्हती. तीन वर्षांपूर्वी धरणाकडेच्या आमच्या जमिनीत आम्ही तंबू लावले, हे तुम्हाला कैलासकडून कळलं होतं आणि पहिल्याच पत्रात तुम्ही मला सुनावलंत, भात पिकवणारी माणसं पाहुण्यांचे बूट राखायला लागली म्हणून. त्यामुळे झिपलाइनचं तुम्हाला सांगायचा मला धीर झाला नाही.

तर आमच्याकडे झिपलाइन आहे. धरणाच्या पाण्याचा एक फाटा आमच्या रानात शिरतो. ह्या काठाला जांभूळ आहे, त्या काठाला लोखंडी खांब. मधे शंभर फूट पाणी. जांभळापासून खांबापर्यंत दोर बांधलाय, त्यावर कप्पी, कप्पीला पट्टे, पट्ट्यात माणूस. इकडून सुटला की तिकडे जातो. खाली जाण्यापुरता खांब जरासा ठेंगणा ठेवलाय.

अडचण अशी होती की दोराला झोळ फार होता. जड माणूस मधोमध जाऊन थांबायचा. दिवाळीत एक गृहस्थ वीस मिनिटं पाण्यावर लोंबकळत राहिले. शेवटी संदेशनी (सरांना लिहिताना नवऱ्याचं नाव घ्यायला हरकत नाही) दोरी टाकून त्यांना ओढून आणलं. घरी जाऊन त्यांनी मोबाइलवर आम्हाला एक चांदणी दिली. पाचपैकी एक. त्यावर लिहिलं, दोर ढिला, मालकही ढिले. संदेशना ते फार लागलं. मग त्यांनी ट्रॅक्टर लावून दोर ओढला आणि आवळून टाकला. आता माणूस मधे पोचला तरी दोर हातभरच खाली येतो. एकदम सुतासारखा सरळ, बघायला छान वाटतं.

आबा मात्र कुरकुरत होते. "दोराला झोळ पायजे. बैल बांधतानाबी आमी ढील सोडतो," असं म्हणत होते. संदेश म्हणाले, "आबा, ह्यो बैल न्हाई, झिपलाइन हाय." मलाही जरा धाकधूक होती, म्हणून तुम्हाला विचारलं. तुमचं उत्तर आलं आणि सगळे गप्प झाले. संदेशनी तुमचा कागद बाजारात नेऊन प्लास्टिकमध्ये बसवून आणला आणि जांभळाला लावला. "सदर दोर नव्वद किलो ओझ्यासाठी पूर्ण सुरक्षित आहे", खाली तुमची सही, एम.एस्सी., बी.एड. पाहुणे पट्टे बांधण्याआधी तो वाचतात. काहीजण त्याच्यासोबत फोटो काढतात.

येत्या शनिवारी पुण्याच्या एका कंपनीची तीस माणसं येणार आहेत. रोज सकाळी पहिली फेरी संदेश स्वतः मारतात, मगच पाहुण्यांना सोडतात. त्यांचं वजनही बरोबर नव्वद. तुमचं उदाहरण जणू त्यांच्यासाठीच.

सविता


तळेगाव दाभाडे
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

सविता,

हे पत्र मिळाल्याबरोबर त्या दोरावर माणसं सोडणं बंद कर. कारण खाली लिहितो. आधी बंद कर, मग वाच.

मी समजत होतो की दोर वरून खाली सरळ लोंबतोय आणि त्याच्या टोकाला ओझं आहे. तिथे नव्वद किलोच्या ओझ्याला नव्वद किलोचाच ताण लागतो. तुमचा दोर आडवा आहे. ही दोन गणितं वेगळी आहेत.

बल नुसतं किती हे पाहून चालत नाही, कुठल्या दिशेला हेही पाहावं लागतं. तुला मी हे शिकवलेलं आहे. ओझं सरळ खाली ओढतं. त्याला तोलायला कुणीतरी सरळ वर ओढलं पाहिजे. पण दोर फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेने ओढू शकतो. दोर आडवा असला तर त्याची जवळजवळ सगळी ताकद आडवी जाते, खांबाला आणि झाडाला ओढण्यात. वर जाणारा हिस्सा अगदी थोडा उरतो. त्या थोड्या हिश्श्याने नव्वद किलो पेलायचे म्हणून मूळ ताण प्रचंड वाढतो. पाण्याने भरलेली बादली दोघींनी दोन बाजूंनी धरून आणून पाहा. जवळ जवळ चाललात तर हाताला काही वाटत नाही. मग तीच बादली धरून एकमेकींपासून लांब व्हा. पाणी तेवढंच आहे, पण खांदे निखळायला येतात.

आता आकडे. अंतर शंभर फूट. माणूस मधोमध असताना दोर पाच फूट खाली येत असेल, तर दोरावर ताण येतो माणसाच्या वजनाच्या पाच पट. नव्वदचे साडेचारशे. दोर पेलेल. झोळ हातभर, म्हणजे दीड फूट धरला, तर ताण जवळजवळ सतरा पट. नव्वदचे पंधराशे. तुझ्या पट्टीवरचा तोच आकडा. त्यात सुटतानाचा हिसका मी धरलेला नाही.

जो झोळ तुम्ही ट्रॅक्टरने काढून टाकलात, त्याच्याच जोरावर ती माणसं आजवर सुखरूप पलीकडे पोचत होती. आबा बरोबर होते.

माझा कागद आधी काढ.

गुरुवार, १२
कैलास आज आला नाही. त्याच्या भावाने दूध घातलं. कैलासच्या बहिणीचं लग्न आहे म्हणे, तो रविवारी येणार. भाऊ तुमच्या बाजूला जात नाही.

शुक्रवार, १३, दुपार
शेजारच्या अरुंधतीबाईंना तुझ्या नंबरवर फोन करायला सांगितला. पुरुषाचा आवाज होता. "सर म्हणतात दोर सैल करा, तोवर माणसं सोडू नका," असा निरोप त्यांनी दिला. "सांगतो" असं उत्तर आलं. पुन्हा लावला तर फोन बंद. "सांगतो" या शब्दावर मी विसंबू शकत नाही. दुसरी काही सोय पाहतो.

गो. ह. दामले


पवनानगर
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

आधी हे सांगते की सगळे सुखरूप आहेत. आता क्रमाने लिहिते.

तुमचं पत्र शनिवारी सकाळी सात वाजता आकाशने आणून दिलं. आकाश सोमाटण्याहून इकडे जीप चालवतो. तो म्हणाला की शुक्रवारी संध्याकाळी सोमाटणे फाट्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून तासभर उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येक जीपला हात दाखवत होते. ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांनी पाटीवर "पवनानगर?" असं लिहून आणलं होतं. तुम्ही पत्रात "दुसरी सोय" एवढंच लिहिलंत.

पत्र हातात पडलं तेव्हा कंपनीची माणसं चहा पीत होती. संदेश जांभळाखाली माणूस सोडायला केलेल्या बांबूच्या माचावर उभे होते. पट्टे बांधून झाले होते, कप्पी दोरावर चढवत होते. मी पहिली ओळ वाचली आणि तिथूनच ओरडले, "अहो, थांबा."

"आता काय? तुज्या सरांनीच लिवून दिलंय. ह्ये बघ की हितं," असं म्हणत त्यांनी तुमच्या कागदावर बोट ठेवलं.

"त्याच सरांनी आता हे लिहून दिलंय," मी म्हणाले.

तीस माणसांसमोर बायकोने अडवलेलं त्यांना आवडलं नाही. पत्र हातात घेतलं नाही त्यांनी. मी माचावर चढून त्यांचे पट्टे धरून ठेवले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण चारचौघांत मी त्यांना असं कधी धरलं नव्हतं. तेवढ्यात आबा आले. त्यांनी विचारलं, "सर काय म्हंत्यात?" मी सांगितलं, सर म्हणतात आबा बरोबर होते. आबांनी वर दोराकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग आदी पोती सोडा. माणूस न्हाई."

ह्यावर संदेशना नाही म्हणता आलं नाही. भाताची दोन पोती काट्यावर घातली, बरोबर नव्वद केली, पट्ट्यात बांधली आणि सोडली.

सर, दोर तुटला नाही. पोती मधोमध पोचली आणि पलीकडचा खांब खालच्या सिमेंटच्या ठोकळ्यासकट आमच्याकडे वाकत वाकत उपटून आला. पोती पाण्यात गेली. ताण सुटलेला दोर पाण्यावरून फटकारत परत आला आणि माचाचा कठडा तोडून गेला. कठड्याचा जो बांबू तुटला, तो धरून संदेश रोज उभे राहायचे. आम्ही पोती सोडून दहा पावलं मागे सरलो होतो म्हणून कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कंपनीतल्या एका मुलीच्या हातातला चहाचा कप तसाच वाकडा होऊन सांडत होता.

दुपारी जेवताना संदेश म्हणाले, "फोन मीच घेतलता. शुक्रवारी."

"मग सांगितलं का नाही?"

"शनवारची माणसं ठरलेली. आन तुला सांगितलं आस्तं तर तू लगेच बंद केलं आस्तंस."

हे खरं आहे. मी बंद केलंच असतं. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. रात्री त्यांच्या घोरण्याचा आवाज ऐकला की बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याचाही राग यायचा. आज सकाळी त्यांनी मला हे सगळं तुम्हाला जसंच्या तसं लिहायला सांगितलं. "मीच फोन घेतलता, त्येबी लिव," म्हणाले. म्हणून लिहिलं.

पण सर, पहिली लबाडी माझीच. "लटकवायचं आहे" एवढंच मी मुद्दाम लिहिलं. आकृती काढली असती तर तुम्हाला पाणी दिसलं असतं, जांभूळ दिसलं असतं आणि तुम्ही मला रागावला असता. तेवढं एक रागावणं टाळायला मी नवऱ्याला त्या दोरावर पाठवत होते.

सविता


तळेगाव दाभाडे
बुधवार, १८ डिसेंबर २०२४

चि. सविता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. उत्तर लिहायला एक दिवस लागला. ते वयामुळे नाही. मी घाबरलो होतो आणि अजून घाबरलेला आहे.

लबाडी तुझी, हे तू लिहिलंस. ते मान्य करून मला सुटता येईल, पण सुटायचं नाही. अर्धवट प्रश्न आला तर उत्तर द्यायचं नाही, आधी आकृती मागायची, हे मी एकतीस वर्षं मुलांना सांगितलं. तुझा प्रश्न अर्धवट आहे हे मला पहिल्याच वाचनात दिसायला हवं होतं. पण कुणीतरी बऱ्याच वर्षांनी मला काहीतरी विचारलं होतं, त्याचा मला आनंद झाला आणि मी घाईने सही केली. पदव्यांसकट.

दुसऱ्या पत्रातही मी चुकलो. दोरावर पंधराशे किलोचा ताण येईल हे लिहिलं, पण तोच ताण खांबावरही येईल हे लिहिलं नाही. दोर जितका खांबाला ओढतो तितकाच खांब दोराला ओढतो. पट्टीवर आकडा फक्त दोराचा होता, म्हणून मी दोराकडेच पाहत बसलो. खांबाला पट्टी नसते, आणि रोजच्या ओढीने तो थोडा थोडा ढिला होत गेला असणार. तुमच्या दोन पोत्यांनी माझं राहिलेलं अर्धं गणित पूर्ण केलं. पोती वाया गेल्याचं मला वाईट वाटतं.

संदेशरावांना माझा नमस्कार सांग. त्यांनी फोनचं लिहायला लावलं, त्यावरून माणूस सरळ आहे असं मी समजतो. मीही त्यांच्या जागी तो कागद जांभळाला लावून ठेवला असता. आबांना वेगळा नमस्कार.

आता काम. सोबत आकृती पाठवतो. अरुंधतीबाईंच्या मोजपट्टीने काढली आहे. बाण जिथे दाखवलेत तिथेच अंतर आणि झोळ मोजायचा. जड माणूस मधोमध असताना झोळ पाच फुटांपेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. तो मधे अडकला तर अडकू दे. त्याला ओढून आणायची दोरी कायमची बांधून ठेवा. खांब मात्र मला कागदावर बसून सांगता येणार नाही. हे काम करणारा जाणता माणूस गाठा, त्याला जागेवर आणा आणि त्याने हो म्हटल्यावरच पुढे जा. माझ्या सहीवर नको.

तो प्लास्टिकमधला कागद मला परत पाठव. तो माझ्या घरात असलेला बरा.

गो. ह. दामले


पवनानगर
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

लोणावळ्याहून दोरांचं काम करणारे एक गृहस्थ येऊन गेले. त्यांनी खांबाची जुनी जागा बघितली आणि बराच वेळ नुसती मान हलवली. आता नवीन खांब मागे तिरका रेलून उभा आहे. त्याला मागून दोन तारांनी ताण दिलाय, आणि खाली आमचा अख्खा न्हाणीघराचा हौद भरेल एवढं सिमेंट. तुमची आकृती मी त्यांना दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली आणि विचारलं, "ह्ये कुनी काडलं?" मी म्हटलं, आमच्या सरांनी. "बाण बराबर हायेत," म्हणाले.

झोळ सव्वापाच फूट ठेवलाय. परवा एक बाई मधे अडकल्या. संदेशनी दोरीने ओढून आणलं आणि वर त्यांना सांगितलं, "झोळ हाय म्हनून तुमी हाय." बाईंना ते कळलं नसावं. चांदण्या किती दिल्या ते आम्ही अजून बघितलेलं नाही.

रोज पहिली फेरी आता दोन पोत्यांची असते. आबांनी त्यांच्यावर कोळशाने खूण केलीय, एक आणि दोन, म्हणजे मोजताना चूक व्हायला नको. पोती पलीकडे पोचून पुन्हा अलीकडे आली की मग संदेश जातात. मी माचावर उभी असते. ते पलीकडे पोचेपर्यंत ओढायची दोरी हातातून सोडत नाही. कदाचित कधीच सोडणार नाही, आणि तेच बरं आहे.

संदेशशी बोलायला लागले आहे. पहिलं वाक्य "चहा घेता का" हे होतं. त्यांनी दोन कप घेतले.

जांभळाला आता तुमची आकृती लावलीय. तुम्ही मागितलेला कागद सोबत आहे. प्लास्टिकमधून काढायला गेले तर फाटायला लागला, म्हणून तसाच पाठवते. मागच्या बाजूला मी लाल पेनने लिहिलंय. तुमचंच अक्षर काढायचा प्रयत्न केलाय, जमलं नाही:

उत्तर बरोबर. आकृती नाही. अर्धा गुण कापला.
प्रश्न विचारणारीचाही.

तुमची विद्यार्थिनी,
सविता